तरुण वयातील इस्ट्रोजेन आणि स्तनाचा कर्करोग : आपल्या धोक्याचे टिपण कसे करावे

स्तनाचा कर्करोग हा आज भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ या वर्षाच्या जागतिक अंदाजात आपल्या देशातील नव्या रुग्णांची संख्या सुमारे १ लाख ९२ हजार धरलेली आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हा आजार आपल्याकडे जवळपास १० वर्षे अगोदर गाठतो असे नेहमी सांगितले जाते. त्यातला काही भाग आपली लोकसंख्याच तरुण असल्यामुळे तसा दिसतो, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. काही असले तरी तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांना हा आजार होतो, आणि त्या वयात अंगात इस्ट्रोजेनचा वावर सर्वांत जास्त असतो. त्यामुळे ‘गोळ्या घेतल्या म्हणून झाले’, ‘पाळी लवकर आली म्हणून होणार’ अशी अर्धवट विधाने कानावर पडत राहतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, उगार या पट्ट्यातील २० ते ४५ वयाच्या मराठी स्त्रीने आपल्या इस्ट्रोजेनविषयक इतिहासाचे एक पानी टिपण कसे तयार करावे, त्यातील कोणत्या नोंदीला किती वजन द्यावे आणि ते डॉक्टरांपुढे कसे ठेवावे, एवढ्यापुरता हा लेख आहे. हे टिपण कर्करोग होईल की नाही ते सांगत नाही. डॉक्टरांच्या नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर देता यावे, हाच त्याचा उपयोग.

इस्ट्रोजेन करते काय

पाळी सुरू झाल्यापासून ती कायमची थांबेपर्यंत इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयांत तयार होते. स्तनातील दूधग्रंथी आणि दूधनलिका यांच्या काही पेशींमध्ये या हार्मोनला धरून घेणारी प्रथिने असतात, त्यांना ग्राही म्हणतात. इस्ट्रोजेन ग्राहीला जोडले गेले की पेशीच्या केंद्रकातील ठरावीक जनुके कामाला लागतात आणि पेशींचे विभाजन वाढते. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते, नकलेत एखादी चूक राहू शकते, आणि अशा चुका वर्षानुवर्षे साठत गेल्या तर त्यातील एखादी पेशी ताब्याबाहेर जाण्याची शक्यता वाढते. शरीरात इस्ट्रोजेनचे विघटन होताना तयार होणारे काही पदार्थ डीएनएला थेट इजा करू शकतात, असेही प्रयोगशाळेत दिसून आले आहे. प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोनही यात सामील असते, कारण दोन पाळ्यांमधील काळाच्या उत्तरार्धात, म्हणजे ते वाढलेले असताना, स्तनाच्या पेशींचे विभाजन अधिक होते.

हा संबंध पहिल्यांदा उपचारातून लक्षात आला. १८९५ मध्ये ग्लासगो येथील शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी बळावलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या तरुण स्त्रीची अंडाशये काढली आणि गाठी ओसरल्या. इस्ट्रोजेन तेव्हा कोणाला ठाऊकही नव्हते. आज टॅमॉक्सिफेन ही गोळी ग्राहीची जागा अडवून तेच काम शस्त्रक्रियेवाचून करते.

तरीही इस्ट्रोजेन हे विष नव्हे. हाडांची बळकटी त्यावर अवलंबून असते, पाळी आणि गर्भधारणेचे गणित त्यावर चालते. संशोधक ‘धोका’ म्हणतात तेव्हा त्यांच्यासमोर हजारो स्त्रियांची तुलना असते. एका स्त्रीचे भविष्य त्यातून वाचता येत नाही.

पहिली नोंद : पाळी

पहिली पाळी कोणत्या वयात आली ते लिहावे. वय आठवत नसेल तर इयत्ता आठवावी. ‘सहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत’ किंवा ‘सातवीची परीक्षा झाल्यावर’ अशी आठवण आईला किंवा मोठ्या बहिणीला नक्की असते, कारण न्हाण आल्याचा सोहळा अनेक घरांत झालेला असतो. त्यावरून वय काढता येते.

११७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात २०१२ मध्ये असे आढळले, की पाळी जितकी वर्षे अगोदर सुरू होते, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी धोका सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा वाचताना बहुतेकांची फसगत होते. ५ टक्के म्हणजे शंभरात पाच स्त्रियांना कर्करोग होणार असे नव्हे. समजा, एका गटातील हजार स्त्रियांपैकी २० जणींना विशिष्ट वयापर्यंत हा आजार होणार असेल, तर पाळी वर्षभर लवकर आलेल्या तशाच गटात ती संख्या २१ होईल. फरक खरा आहे, पण एकट्याने झोप उडवावी इतका मोठा नाही. बारावे वर्ष लागताच पाळी आलेल्या मुलीच्या आईने घाबरण्याचे कारण नाही. मात्र आठ वर्षे पूर्ण होण्याआधीच मुलीच्या छातीची वाढ दिसू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. पाळी पुढे ढकलणारे घरगुती उपाय मुलींवर करू नयेत.

पाळी अनियमित असल्यास किंवा पीसीओएस या अंडाशयाच्या हार्मोनबिघाडाचे निदान झालेले असल्यास तेही लिहावे. पीसीओएसमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे स्पष्टपणे दिसलेले नाही. गर्भाशयाच्या आतील थराच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे, आणि म्हणून डॉक्टरांना ती माहिती हवी असते.

दुसरी नोंद : बाळंतपण आणि अंगावरचे दूध

प्रत्येक बाळंतपणाच्या वेळचे वय लिहावे आणि प्रत्येक मूल किती महिने अंगावर प्यायले ते लिहून शेवटी बेरीज करावी. दूध कधी तोडले हे सणावरून किंवा मूल चालू-बोलू लागल्याच्या काळावरून आठवते. ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, प्रत्येक बाळंतपणाने धोका सुमारे ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या दर १२ महिन्यांनी आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो. दोन मुलांना दीड-दीड वर्ष पाजलेल्या स्त्रीच्या खात्यात ३६ महिने जमा होतात. टिपणात चांगल्या बाजूने बसणारी ही सर्वांत मोठी नोंद आहे आणि आपल्या गावांतल्या पुष्कळ बायका ती नकळत कमावतात.

पण याला एक दुसरी बाजू आहे आणि तरुण स्त्रियांच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. बाळंतपणाचे संरक्षण लगेच मिळत नाही. १५ अभ्यासांतील स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की मूल न झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत बाळंतपणानंतर धोका काही काळ वाढतो, सुमारे पाचव्या वर्षी तो सर्वाधिक असतो आणि पुढे हळूहळू उतरत सुमारे २४ वर्षांनंतर संरक्षणाची बाजू वरचढ होते. पहिले मूल तिशीनंतर झालेल्यांमध्ये ही वाढ अधिक होती, तर पंचविशीच्या आत झालेल्यांमध्ये ती दिसली नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन कितीतरी पटींनी वाढतात, स्तनातील पेशी झपाट्याने वाढतात, आणि तेथे आधीच एखादी बिघडलेली पेशी असेल तर तिलाही तेच खतपाणी मिळते. (या आकड्यांचा आधार घेऊन मुलीचे लग्न लवकर उरकावे असे कोणी म्हणू लागले, तर तो आकड्यांचा दुरुपयोग आहे. कोवळ्या वयातील बाळंतपणाचे धोके याहून कितीतरी मोठे आहेत.)

यातून एक व्यवहारी नियम निघतो. बाळंतिणीच्या किंवा पाजत्या आईच्या स्तनात गाठ लागली की घरात ‘दूध साठले आहे’ म्हणून शेक दिला जातो. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु बाळाला पाजून, दूध पिळून काढूनही दोन आठवड्यांत गाठ गेली नाही, तर माहेरी असो वा सासरी, डॉक्टरांना दाखवावेच. पाजत असताना सोनोग्राफी करता येते, सुईने तुकडा घेऊन तपासणीही करता येते, आणि त्यासाठी बाळाचे दूध तोडावे लागत नाही.

तिसरी नोंद : गोळ्या, इंजेक्शन, तांबी

आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून काय घेतले, केव्हापासून केव्हापर्यंत घेतले, हे नावासह लिहावे, कारण सरकारी साधनांपैकी प्रत्येकाचा इस्ट्रोजेनशी असलेला संबंध निराळा आहे. ‘माला-एन’ ही संयुक्त गोळी असून तिच्यात इथिनिल इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखे हार्मोन आहे. पाकिटातील सात तपकिरी गोळ्या केवळ लोहाच्या असतात. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन आहे, त्यात इस्ट्रोजेन नाही, फक्त प्रोजेस्टेरॉनसारखे हार्मोन आहे. ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली सेंटक्रोमॅन ही गोळी असून तिच्यात स्टेरॉइड हार्मोन मुळीच नाही. ती इस्ट्रोजेनच्या ग्राहीवरच परिणाम करते. तांबीमध्ये कोणतेही हार्मोन नसते.

संयुक्त गोळ्यांविषयी सर्वांत मोठा अलीकडचा अभ्यास डेन्मार्कमधील सुमारे १८ लाख स्त्रियांचा असून तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्मोनची साधने वापरणाऱ्यांमध्ये धोका सुमारे २० टक्क्यांनी अधिक होता. प्रत्यक्ष हिशेबात मांडायचे तर वर्षभर अशी साधने वापरणाऱ्या सुमारे ७,७०० स्त्रियांमागे एक जास्तीची रुग्ण, आणि पस्तिशीच्या आतील स्त्रियांमध्ये तर वर्षाला लाखामागे केवळ दोन. गोळ्या बंद केल्यावर ही वाढ उतरत जाते आणि १० वर्षांनंतर ती दिसत नाही, असे १९९६ च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात आढळले होते. केवळ प्रोजेस्टेरॉनसारखी हार्मोने असलेल्या साधनांतही जवळपास तेवढीच लहान वाढ दिसते, म्हणून ‘अंतरा’ला त्याबाबतीत सवलत देता येत नाही. याउलट संयुक्त गोळ्यांमुळे अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या आतील थराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. नको असलेल्या गरोदरपणाचे जिवावर बेतणारे परिणाम विचारात घेतले, तर निरोगी तरुणीने या भीतीपोटी गोळ्या एकाएकी सोडून देऊ नयेत, असे मला वाटते. आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला असणे हेदेखील जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गोळ्या न देण्याचे कारण ठरत नाही. स्वतःला हा कर्करोग असलेल्या स्त्रीने मात्र हार्मोनची कोणतीही साधने घ्यायची नसतात, तिच्यासाठी तांबीसारखी हार्मोन नसलेली साधने हाच मार्ग.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या टिपणात हमखास राहून जातात. सौंदत्तीची यल्लम्माची यात्रा, गणपती, घरातले लग्न अशा निमित्ताने त्या औषधाच्या दुकानातून सरळ आणल्या जातात. त्यांत नॉरएथिस्टेरॉन असते, ते मूलतः इस्ट्रोजेन नव्हे, तरी एवढ्या मात्रेत त्याचा अल्प भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडायोलमध्ये बदलतो. एखाद्या वेळी चार-आठ दिवस घेतलेल्या या गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग होतो असा पुरावा नाही. त्यांची खरी काळजी रक्ताच्या गुठळ्यांची आहे. पायाला सूज, पूर्वी गुठळी झालेली असणे, नुकतेच बाळंतपण झालेले असणे, अशा स्थितीत त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दोन शस्त्रक्रियांची नोंदही येथेच करावी. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत केवळ नळ्या बंद होतात, अंडाशयाचे काम आणि इस्ट्रोजेन पूर्वीसारखेच राहते. पिशवी काढली असेल तर अंडाशये ठेवली की काढली हे डिस्चार्ज कार्डावर पाहून लिहावे. केवळ पिशवी काढल्याने इस्ट्रोजेन थांबत नाही. कमी वयात अंडाशयेही काढली तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका घटतो, पण हाडे आणि हृदय यांना त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून अंगावर पांढरे जाते किंवा पाळीत जास्त जाते एवढ्या कारणावरून पस्तिशीच्या आत पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

चौथी नोंद : नातेवाईक

आई, बहीण, मावशी, आजी यांची चौकशी आपण करतो, पण आत्या आणि वडिलांची आई यांची करत नाही. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. असा दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. पाळी, गोळ्या, दूध यांचे आकडे त्यापुढे किरकोळ ठरतात. आपल्या भागात आत्ये-मामे नात्यात लग्ने होतात, तेव्हा आईकडचे आणि वडिलांकडचे आप्त एकच असू शकतात. अशा घरात नात्यांचा छोटा वृक्ष काढून दाखवणे सोपे जाते. कोणाला, कोणत्या वयात, स्तनाचा की अंडाशयाचा कर्करोग झाला, आणि घरातील एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला होता का, हे लिहावे. ‘पोटात पाणी होऊन गेली’ एवढेच कळले तर तसेच लिहावे, कारण तो अंडाशयाचा कर्करोग असू शकतो. पन्नाशीच्या आतील दोन रुग्ण एकाच बाजूला निघाले, तर जनुकीय सल्ल्याविषयी विचारावे.

वजन आणि खाणेपिणे यांविषयी थोडक्यात. पाळी थांबल्यानंतर चरबीच्या पेशींत इस्ट्रोजेन तयार होते आणि लठ्ठपणामुळे धोका वाढतो. पाळी चालू असताना मात्र जाड स्त्रियांमध्ये धोका किंचित कमी आढळतो. हे वजन वाढवण्याचे निमंत्रण नव्हे, कारण तेच वजन पुढे पाळी थांबल्यावर सोबत असते. मद्याने इस्ट्रोजेन आणि धोका दोन्ही वाढतात. सोयाबीनमधील वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनची भीती अनाठायी आहे, जेवणातील सोयाबीनने धोका वाढत नाही. गूळ, तूप, ज्वारी यांना या टिपणात जागा नाही.

टिपण कोरे निघाले तरी

टिपणातील प्रत्येक नोंद चांगल्या बाजूची असली तरी गाठीकडे दुर्लक्ष करण्याचा परवाना मिळत नाही. भारतातील स्तनाच्या कर्करोगांपैकी दहातील सुमारे तीन ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचे असतात, म्हणजे त्यांच्यात इस्ट्रोजेनचे आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राही सापडत नाहीत, हर-टू हे पेशींची वाढ करणारे प्रथिनही वाढलेले नसते, आणि तरुण वयात हा प्रकार तुलनेने अधिक दिसतो. तेथे इस्ट्रोजेनचा हिशेब फारसा उपयोगी पडत नाही.

पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान स्तन मऊ असतात, तेव्हा त्यांची नेहमीची ठेवण हाताने समजून घ्यावी. पाळीपूर्वी दोन्ही बाजूंना दुखणे, जड वाटणे हे हार्मोनच्या चढउतारामुळे होते. तरुणींमधील गुळगुळीत, बोटाखालून निसटणाऱ्या गाठी बहुधा कर्करोग नसलेल्या प्रकारच्या, म्हणजे फायब्रोअ‍ॅडिनोमा असतात आणि त्याही इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतात. पण हा निर्णय हाताने करायचा नसतो. पाळी येऊन गेल्यावरही राहिलेली गाठ, कातडीला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, नव्याने आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून आपोआप येणारे रक्त, काखेतील गाठ यांपैकी काहीही दिसल्यास वय २५ असो वा ४५, तपासणी करावी. न दुखणे हे गाठ निरुपद्रवी असल्याचे लक्षण मुळीच नाही.

तपासणीचे तीन भाग असतात : डॉक्टरांनी हाताने पाहणे, चित्र काढणे आणि सुईने तुकडा घेणे. तिशीच्या आत सोनोग्राफी आधी करतात, कारण तरुण स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) गाठ झाकली जाते. लक्षण नसताना चाळिशीच्या आत दरवर्षी मॅमोग्राफी करून घेण्याची गरज सर्वसामान्य स्त्रीला नाही. सरकारी कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तनतपासणी आरोग्य केंद्रात पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी, ती मागून घ्यावी. काढलेली कोणतीही गाठ पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे, ‘साधी होती, टाकून दिली’ हे उत्तर स्वीकारू नये.

टिपण, भाषा आणि दवाखाना

टिपण मराठीत लिहावे आणि शेजारच्या रकान्यात कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडून किंवा भाच्याकडून तेच कन्नड अथवा इंग्रजीत उतरवून घ्यावे. आरोग्य केंद्रातील अर्ज कन्नडमध्ये असतात, आणि गर्दीत ‘काही नाही’ असे उत्तर देऊन मोकळे होण्याची सवय त्यामुळे वाढते. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले जिल्हा रुग्णालय आणि केएलईचे प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. हुबळीच्या नवनगरात कर्करोग संस्था आहे, तर बेंगळुरूला किडवाई कर्करोग संस्था. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये आपली आरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचे ठरवले होते. मिरज-कोल्हापूरकडे जाणार असल्यास आपल्या गावाला तिचा लाभ सध्या मिळतो का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना निघण्यापूर्वी विचारावे.

निदान कर्करोगाचे निघाले, तर अहवालात ईआर (इस्ट्रोजेनचे ग्राही), पीआर (प्रोजेस्टेरॉनचे ग्राही) आणि हर-टू या तिन्ही तपासण्या आहेत का ते पाहावे. ईआर एक टक्का पेशींत जरी सापडला तरी तो पॉझिटिव्ह धरतात आणि टॅमॉक्सिफेनसारख्या उपचाराचा विचार होतो. उपचार एका राज्यात सुरू करून दुसऱ्या राज्यात पुढे न्यायचे असतील, तर कागदांसोबत काचेच्या स्लाइड आणि मेणात बसवलेले तुकड्यांचे ब्लॉकही पहिल्या प्रयोगशाळेकडून सही करून मागून घ्यावेत. त्यांच्याशिवाय नव्या रुग्णालयाला ग्राहींची तपासणी पुन्हा करता येत नाही, आणि सुई पुन्हा टोचावी लागते.